देवघराच्या भिंतीपलीकडची गाडी

माझं अख्खं आयुष्य बॅटरीत गेलं. हे वाक्य मी घरात म्हटलं की आमची जमीला तवा आपटत विचारते, "बॅटरीच सँभालनी थी तो शादी कायकू करे?"

सोलापुरात विजापूर रोडला माझं बॅटरीचं दुकान. एक लाकडी बाक, दोन चार्जर, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि ॲसिडनं भोकं पडलेल्या माझ्या पॅन्ट्स. आता दुकान जावई बघतो. मी सकाळी जाऊन बसतो आणि त्याच्या कामात लक्ष घालतो, म्हणजे त्याला त्रास देतो. चाळीस वर्षं हेच केलं. ट्रकच्या बॅटऱ्या, ट्रॅक्टरच्या, चिंचोळी एमआयडीसीतल्या जनरेटरच्या, घरोघरच्या इन्व्हर्टरच्या. बॅटरीचं काम बाहेरून दिसतं तेवढं अवघड नाही. तिचं पाणी बघावं लागतं, तिची टोकं साफ ठेवावी लागतात, आणि मुख्य म्हणजे तिला उपाशी पडू द्यायचं नाही. रिकामी होऊन पडून राहिली की ती आतून मरायला लागते, मग किती का चार्ज करा. पण गिऱ्हाईक काय म्हणतं? "बॅटरी खराब दिली." चाळीस वर्षांत "माझ्याकडनं चुकलं" म्हणणारा एकही माणूस दुकानाची पायरी चढला नाही. त्यात मीही आलो, ते पुढं कळेलच.

मंद्रूपचे एक शेतकरी होते, शिवप्पा. नवी बॅटरी नेली आणि पंधरा दिवसांत फोन. "तुमी बॅटरी खराब दिली की ओ. ट्रॅक्टर उटतच न्हाय." गेलो. बघतो तर शेडातल्या ट्रॅक्टरमधून दोन वायरी निघून भिंतीतल्या भोकातून घरात गेलेल्या.

"शिवप्पा, ह्या वायरी कुठं चालल्यात?"

"टीव्हीला. लाईट कुटं टिकतीय हितं?"

"मग टीव्ही चालतो का?"

"टीव्ही लई झकास चालतोय. ट्रॅक्टरच तेवडा चालत न्हाय."

मी तिथंच त्यांना तोंडावर सुनावलं. बॅटरी एक, खाणारी तोंडं दोन, आणि दोष माझा? शिवप्पा हसले, वायरी उपटल्या, मला भाकरी आणि शेंगाची चटणी खायला घातली. विषय मिटला. सांगायचा मुद्दा हा की मी बोलायला भिणारा माणूस नाही. ट्रकवाल्यांना शिव्या देऊन मोठा झालोय. तरी एका घरात माझी जीभ अडकली, आणि त्याची भरपाई मी अजून करतोय.

ते घर देशपांडे सरांचं. सर हायस्कूलात गणित शिकवायचे, त्यांच्या पत्नी शोभाबाई प्राथमिक शाळेत. दोघं निवृत्त. त्यांच्याकडं इन्व्हर्टर लावला तेव्हापासून माझं येणंजाणं, पंधरा वर्षं तरी झाली. मुलगा निखिल ऑस्ट्रेलियात. त्यानं तिथून आई-वडिलांसाठी हायब्रीड गाडी बुक केली. क्लच नाही, आवाज नाही. सरांनी ती अकरा दिवस चालवली. बाराव्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. फक्त दोन शब्द उरले: "बरोबर" आणि "चूक". गणिताच्या मास्तराला तेवढे पुरतात असं शोभाबाई म्हणायच्या. म्हणताना हसायच्या आणि मग पदर डोळ्याला लावायच्या. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यायला सांगितलं होतं. ड्रायव्हर ठरवला तर एक दिवस यायचा, दोन दिवस दांडी. आलाच तर गाडी उठायची नाही.

म्हणून मला बोलावणं आलं. हायब्रीड गाडी मी तोवर लांबूनच बघितलेली. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. ह्या गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, ती गाडी ओढते. तिला आपण हात लावायचा नाही, लावला तर आपल्यालाच उचलून न्यावं लागेल. दुसरी छोटी, आपल्या साध्या गाडीत असते तशी बारा व्होल्टची. तिचं काम फक्त गाडीला जागं करणं. दारं उघडणं, कॉम्प्युटर सुरू करणं, मोठीला हाक मारणं. ती छोटी बसली की मोठी कितीही भरलेली असू दे, उपयोग शून्य. गाडी चालली की मोठी तिला भरवते. गाडी उभी राहिली की तिला कोणी विचारत नाही. आणि सरांची गाडी उभीच होती.

पहिल्याच दिवशी कळलं की छोटी बॅटरी डिकीत आहे, आणि डिकी बटणावर उघडते. बटणाला वीज लागते. वीज बॅटरीत. बॅटरी डिकीत. बाईंनी रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली शोधून दिली, तिनं पुढचं दार उघडलं, आणि साठीच्या उंबरठ्यावरचा मी मागच्या सीटवरून पोटावर सरपटत डिकीत उतरलो. सर पोर्चमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून बघत होते. मी आत अडकलो तेव्हा म्हणाले, "चूक." मी म्हटलं, "सर, दुसरी वाट असली तर दाखवा."

बॅटरी भरून दिली. आठवड्यात परत बसली. परत भरली, परत बसली. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं बॅटरीच खराब, आणि नवी बसवली. म्हणजे बघा, गिऱ्हाइकाचं वाक्य माझ्या तोंडात आलं. सर मोठ्यानं म्हणाले, "चूक!" त्यांच्या मांडीवर गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक असायचं. दिवसभर तेच वाचायचे. एका पानावर डाव्या हाताचं बोट दाबून ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आजारी माणूस, करमत नसेल.

नवी बॅटरीही दहा दिवसांत बसली.

मग मी माझा जुना काट्याचा मीटर घेऊन गेलो, गाडीच्या बॅटरीला जोडला आणि पोर्चमध्ये स्टूल टाकून बसलो. उभी गाडी थोडीशी वीज खातेच, घड्याळ असतं, अलार्म असतो. तेवढं चालतं. पण इथं काटा खाली यायचा, शांत व्हायचा आणि पुन्हा उडी मारायचा. कोणीतरी झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून विचारावं, झोपलास का, तसं. मी फ्यूज काढून बघितले. काही नाही. तेवढ्यात बाई गाडी उघडायला आणलेली किल्ली हातात तशीच घेऊन मागच्या अंगणात कशाला तरी गेल्या, आणि काटा गप्प बसला. पाच मिनिटं हलला नाही. बाई परत आल्या, आत गेल्या, आणि काटा नाचायला लागला.

मी उठून खिडकीतून आत बघितलं. पोर्चची भिंत, तिला खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडं हातभर अंतरावर देवघर. देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक शंख, आणि शंखाशेजारी गाडीची किल्ली. तिच्या बटणावर हळदकुंकू लावलेलं.

ह्या गाड्यांची किल्ली खिशात असली तरी गाडीला तिचा वास लागतो. जवळ आली की गाडी म्हणते, मालक आले, आणि तयारीला लागते. इथं मालक चोवीस तास भिंतीपलीकडं बसलेले, आणि बिचारी गाडी चोवीस तास दारात उभी राहून त्यांची वाट बघतेय. बॅटरी बसेल नाही तर काय होईल?

उपाय साधा होता. किल्ली तिथनं उचलायची आणि मागच्या खोलीत ठेवायची. एक वाक्य. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "गाडी आली त्या दिवसापासून हे स्वतःच्या हातानं किल्ली देवापुढं ठेवायचे, मुनीरभाई. शेवटचं काम त्यांनी उजव्या हातानं केलेलं तेच मला आठवतं. वापरून झाली की मी परत तिथंच ठेवते."

मी तोंड मिटलं.

मुनीर बॅटरीवाल्यानं देशपांड्यांच्या देवघरातली वस्तू हलवा म्हणून सांगायचं? त्यांना काय वाटेल? मागून नातेवाईक काय म्हणतील? खरं सांगतो, पंधरा वर्षांत त्या घरात मला कधी कोणी वेगळं वागवलं नव्हतं. चहा त्याच कपात. हा सगळा विचार माझा मीच तयार केला, आणि स्वतःच घाबरलो. वर त्याला अदब असं नावही दिलं.

"काय दोष निघाला?" बाईंनी विचारलं.

"उभी असते ना बाई, म्हणून," मी म्हटलं. "ट्रिकल चार्जर लावू."

सर म्हणाले, "चूक."

ट्रिकल चार्जर म्हणजे थेंबाथेंबानं भरणारा चार्जर. मोठ्या चार्जरसारखा बदाबदा ओतत नाही. बॅटरी भरली की थांबतो, उतरली की पुन्हा थोडं देतो. महिनोन् महिने लावून ठेवा, बॅटरी टुणटुणीत. मी डिकीतल्या बॅटरीला कायमची वायर जोडली, तिचं टोक बंपरखालून बाहेर काढलं, चार्जर पोर्चच्या भिंतीला टांगला. पोर्चमध्ये प्लग एकच, त्यात पिन लावली. हिरवा दिवा लागला. काम नामी झालं होतं. किल्ली आतून खात होती, चार्जर बाहेरून भरत होता. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

गाडी उठायला लागल्यावर बाईंना हुरूप आला. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायला घेतली. "ड्रायव्हरच्या नाकदुऱ्या किती दिवस काढू? ह्यांचा हात जरा हलायला लागलाय, आता व्यायामाला खाडे नकोत." शिकवणारा यायचा, बाई मैदानावर गोल गोल फिरायच्या, सरांना शेजारी बसवून. सर "बरोबर" आणि "चूक" म्हणत राहायचे. शिकवणारा म्हणाला, मला कामच उरलं नाही.

घरात सगळ्यांना हे पसंत नव्हतं. पुण्याला सरांचा पुतण्या होता, प्रवीण. त्याचं म्हणणं, काकू ह्या वयात गाडी चालवणार का, ठोकणार, त्यापेक्षा गाडी मी वापरतो. निखिलनं फोनवरून तोड काढली. "आई, लायसन्सची चाचणी पास झालीस तर गाडी तुझी. पण त्या दिवसापर्यंत पुन्हा एकदा जरी बंद पडली, तर प्रवीणदादाला देऊन टाकू. बाबांना घेऊन तू कुठं रस्त्यात अडकलीस तर मी इथनं काय करू?" त्याचंही खोटं नव्हतं. बाईंनी मला विचारलं, "बंद नाही ना पडणार?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "चार्जर आहे तोवर नाही."

चाचणीची तारीख आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. नवरात्रात बाईंचे नऊ दिवस उपास, म्हणून सराव बंद, गाडी जागेवरच उभी. आणि घटस्थापनेला बाईंनी दरवर्षीप्रमाणे पोर्चच्या कमानीला विजेची माळ लावली. पोर्चमध्ये प्लग एकच.

नऊ दिवस माळ लखलखली. नऊ दिवस किल्ली घटाशेजारी बसून भिंतीपलीकडच्या गाडीला हाका मारत राहिली. चार्जरचा हिरवा दिवा गेलेला कोणाच्या लक्षात आला नाही, कारण माळेतही हिरवे दिवे होते.

चाचणीच्या सकाळी मी मोडनिंबला होतो, हायवेवर एक ट्रक अडला होता म्हणून पहाटेच निघालेलो. बाईंचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "मुनीरभाई, गाडी काहीच करत नाहीये." मी ट्रक तसाच टाकला. ट्रकवाल्यानं मला काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. सोलापूरला पोहोचलो तोवर चाचणीची वेळ टळून गेली होती. दसऱ्याला आलेला प्रवीण पोर्चमध्ये उभा. त्यानं बोलावलेला दुसरा मेकॅनिक "कॉम्प्युटर गेला" असं निदान करून निघून गेला होता. बाई ठेवणीतली साडी नेसून, हातात कागदांची पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या.

मी बॉनेट उघडलं, पहिल्या दिवशी मला माहीतच नसलेल्या आतल्या टोकाला माझ्या बॅटरीची वायर लावली, आणि गाडी उठली. चार मिनिटं लागली.

प्रवीण म्हणाला, "चार्जर लावूनसुद्धा बंद पडते, म्हणजे गाडीतच खोट आहे. किंवा वापरणाऱ्यात."

आता बोलायची वेळ होती. गाडीत खोट नाही, बाईंच्यात नाही, किल्ली फक्त दोन खोल्या आत न्या, असं म्हणायचं होतं. मी भिंतीकडं बघितलं आणि म्हणालो, "पिन काढलेली दिसतेय."

बाई उठल्या. "मीच काढली, माळेसाठी. माझ्याच हातनं झालं हो." असं म्हणून त्यांनी गालावर दोन चापट्या मारून घेतल्या, देवाची माफी मागतात तशा. आणि मी ते बघत उभा राहिलो. सर खुर्चीतून ओरडले, "चूक! चूक! चूक!" प्रवीणला वाटलं काकूंना म्हणतायत. त्यानं त्यांची खुर्ची आत वळवली.

आठ दिवसांत गाडी पुण्याला गेली.

त्यानंतर बाई दुकानात आल्या, रिक्षानं. चार्जर वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणला होता. "हा आता मला कशाला? कोणाच्या तरी कामी येईल." मी तो हातात घेतला आणि मला पुढं राहवेना. बाकावर बसवून सगळं सांगितलं. काटा, भिंत, किल्ली, शंख. माझी भीती पण सांगितली. सांगताना मी त्यांच्या चपलांकडं बघत होतो.

 बाई म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच, बाई."

"मुनीरभाई, त्या देवघरात माझं लाईटबिल असतं. ह्यांच्या गोळ्या असतात. पोस्टाचं पासबुक, सुईदोरा, काय वाट्टेल ते असतं. रोज काढते, रोज ठेवते. साखरेच्या डब्यात ठेवा म्हणाला असतात तर साखरेच्या डब्यात ठेवली असती." त्यांचा आवाज चढला. शाळेतला आवाज. "पंधरा वर्षं माझ्या हातचा चहा पिताय, आणि मला एवढं ओळखलंत?"

त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती.

संध्याकाळी सरांकडं गेलो. गाडी गेली तरी पुस्तक सरांनी सोडलं नव्हतं. मला बघताच त्यांनी ते पुढं केलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि दोन ओळींखाली डाव्या हातानं ओढलेली वाकडी पेन्सिलीची रेघ. मला इंग्रजी जेमतेम. बाईंनी वाचून सांगितलं, "गाडी उभी असताना किल्ली गाडीच्या जवळपास ठेवू नये. बॅटरी उतरते." सर म्हणाले, "बरोबर."

म्हणजे त्या घरात ज्याला बोलता येत नव्हतं तो वर्षभर सांगत होता, आणि ज्याला बोलता येत होतं तो गप्प बसला होता. घरी येऊन जमीलाला सांगितलं. ती म्हणाली, "इत्तासा बोलनेकू तुमारा क्या जाता था?" माझं काहीच गेलं नसतं. गेलं ते त्यांचं गेलं.

बाईंनी जिद्द सोडली नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर क्लच नव्यानं शिकल्या, त्यात दोन महिने गेले, तेवढे दिवस सरांचे खाडे पडले. पण चाचणी पास झाल्या. लायसन्स त्यांनी देवघरात ठेवलंय. ते तिथं ठेवायला काही हरकत नाही, त्याला बॅटरी नसते.

लायसन्स होतं पण गाडी नव्हती. माझ्याकडं दुकानाची जुनी व्हॅन आहे, बॅटऱ्या वाहून तिचे खालचे पत्रे ॲसिडनं खाल्लेले, पण इंजिन इमानी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी ती त्यांच्या दारात नेतो. सरांना उचलून पुढं बसवतो. गाडी बाई चालवतात. मी मागं रिकाम्या कॅनवर बसतो, सरांची चाकाची खुर्ची धरून.

गेल्या मंगळवारी चौकात बाईंनी तिसरा टाकायचा तो पहिला टाकला, व्हॅन कण्हली. सर म्हणाले, "चूक."

बाई चिडल्या. "कळलं हो! गिअर चुकला."

सरांनी मान हलवली. मग त्यांचा उजवा हात, जो एरवी मांडीवर पडून असतो, तो हळूहळू उठला, खांद्यापर्यंत आला, आणि त्याचं एक बोट मागं, माझ्याकडं वळलं.

"चूक," सर म्हणाले.

मी म्हटलं, "बरोबर, सर."